दोन पातेली

नगर म्हटले की लोकांना भुईकोट किल्ला आठवतो, चांदबिबी आठवते. २०२४ साली गावाचे नाव अहिल्यानगर झाले. पण जुन्या सवयीने तोंडात ‘नगर’च येते. मला नगर म्हटले की आठवतो तो डिसेंबरच्या कोरड्या थंडीत ख्रिस्ती वस्तीत दरवळणारा जायफळाचा वास.

१८३१ साली अमेरिकन मराठी मिशन येथे आले. १८४२ साली ‘ज्ञानोदय’ येथूनच निघू लागला. पण येथला नाताळ अस्सल मराठी! करंज्या, शंकरपाळे, चकल्या आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेला केक.

आमच्या एका सहकारी प्राध्यापकांच्या मातोश्रींना आम्ही सारे काकू म्हणतो. नोव्हेंबर संपता संपता त्या मनुका, खजूर संत्र्याच्या रसात भिजत घालतात. मग साखर काळसर होईपर्यंत जाळून तिचे पाणी करायचे, लोणी नि अंडी फेसायची, मैद्यात दालचिनी-लवंगांची पूड मिसळायची. मोठ्या पातेल्यात वाळू तापवून तिच्यावर केकचे भांडे, वर झाकण, खाली मंद आच. “घाई केली की मधे कच्चा राहतो,” काकू सांगतात.

दिवाळीला आमचा फराळ त्यांच्याकडे जाई. तो त्या आवडीने खात. नाताळला त्यांचे ताट येई. आईला अंडे वर्ज्य, मलाही सवय नाही, मी केक निमूटपणे कामवाल्या बाईंना देऊन टाकी आणि काकूंना सांगे, “फार छान झाला होता!” वर्गात मात्र ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना लक्ष्मीबाई टिळकांचे सोवळे कसे सुटले, हे अगदी रंगवून सांगे.

गेल्या नाताळात त्यांच्याकडे गेलो, तो शेगडीवर दोन पातेली.

“हे धाकटं तुमच्या आईंसाठी. अंडं नाही, दही घातलंय. भांडंही नवं आहे,” काकू म्हणाल्या. “आमचा केक कुठं जातो ते ठाऊक होतं मला. तुमच्याकडच्या बाई आमच्याच मंडळीतल्या हो!”

मी मान खाली घातली. त्या हसल्या आणि भांड्याला फडके बांधू लागल्या.

घरी आल्यावर आईला सारे खरे सांगितले. तिने एक तुकडा मोडला, सावकाश खाल्ला. “जायफळ जरा पुढं आहे,” म्हणाली, आणि दुसरा घेतला.

संक्रांतीला भांडे परत करायचे होते. रिकामे कसे करणार? आईने त्यात तिळगूळ भरला. मी ते उचलून निघालो, तर ती चपला घालून दारात उभी.

“थांब, मीही येते.”