एल्मचा उलटा डोंगर

स्वित्झर्लंडला जाणारे आपले बहुतेक लोक टिटलिसला नाहीतर युंगफ्राउला जातात, बर्फात फोटो काढतात आणि परत येतात. माझी नात नोकरीसाठी झुरिकला असते, म्हणून मला एक वेगळा डोंगर बघायला मिळाला. ग्लारुस भागातलं एल्म हे लहानसं गाव. आगगाडीने श्वांडनपर्यंत जायचं, तिथून पुढे बस.

गावातून वर पाहिलं की चिंगेलहोर्नर नावाच्या सुळक्यांची रांग दिसते, आणि तिच्या अंगावर पट्टीने आखावी तशी एक रेघ. रेघेच्या वरचा दगड २५ ते ३० कोटी वर्षांचा. खालचा मात्र साडेतीन ते पाच कोटी वर्षांचाच. म्हणजे म्हातारा वर आणि तरुण खाली! आपल्या सह्याद्रीत असं नाही. तिथे लाव्हाचे थर भाकरीवर भाकरी ठेवावी तसे एकावर एक पडले, खालचा आधीचा, वरचा नंतरचा. मग इथे उलटं कसं झालं?

आफ्रिकेच्या बाजूने जमीन युरोपवर रेटत आली, त्यातून आल्प्स उभे राहिले. त्या रेट्यात जुन्या दगडाचा एक प्रचंड थर तुटून निदान ३५ किलोमीटर उत्तरेकडे सरकला आणि नव्या दगडावर चढून बसला. आपल्या मृत समुद्राच्या खोऱ्यात जमिनीचे दोन तुकडे एकमेकांना घासून बाजूने सरकतात; इथे एक दुसऱ्याच्या डोक्यावर बसला. अशा थराला जर्मन भाषेत 'डेके' म्हणतात, म्हणजे पांघरूण, आणि फ्रेंचमध्ये 'नाप', म्हणजे टेबलावरचं कापड. जन्मभर पलंगावरच्या चादरी ओढण्यात गेला, त्यामुळे मला हे लगेच पटलं. मधे जो चुनखडीचा पातळ थर सापडला तो मळलेल्या कणकेसारखा पिळवटून निघाला आहे. श्वांडनजवळ लोखझाइटे म्हणून जागा आहे, तिथे त्या थराला हात लावता येतो. मी लावला.

हे कोडं सोडवायलाही साठ वर्षं लागली. १८४०च्या सुमारास एशर नावाच्या शास्त्रज्ञाने जुना दगड वर आहे हे ओळखलं होतं, पण असं छापलं तर लोक वेड्यांच्या इस्पितळात घालतील अशी त्याला धास्ती. त्याने दोन मोठ्या घड्या समोरासमोर पडल्या असं सांगून वेळ मारून नेली. त्याचा शिष्य आल्बर्ट हाइम तेच धरून बसला. १८८४ साली फ्रान्सच्या मार्सेल बर्ट्रांडने हा डोंगर न बघता, नुसत्या हाइमच्याच आकृत्यांवरून सांगितलं की दोन घड्या नाहीत, एकच थर सरकला आहे. रोग्याला न बघता एक्स-रेवरून अचूक निदान करणारे डॉक्टर असतात ना, तसं! हाइमने ते मान्य केलं, पण विसावं शतक उजाडल्यावर. २००८ साली या डोंगरांना युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं.

हा खालचा तरुण दगड, त्यातच पाटीचा काळा दगड निघतो. आम्ही गावच्या शाळेत ज्या पाटीवर अ आ इ गिरवलं, तसल्याच पाटीचा. युरोपात शाळा वाढल्या, पाट्यांना मागणी आली, आणि एल्मच्या लोकांनी १८६८पासून डोंगराच्या पायथ्याशी खोदायला सुरुवात केली. शेतीपेक्षा रोख पैसा. खोदता खोदता सुमारे १८० मीटर रुंद आणि ६० मीटरहून जास्त आत अशी खाच पडली. वरच्या डोंगराला आधार उरला नाही. वर भेगा दिसू लागल्या. आदल्या दिवशी पाहणी झाली, आणि लगेच काही धोका नाही असं ठरलं.

११ सप्टेंबर १८८१, रविवार, संध्याकाळचे पाच वाजून गेलेले. आधी एक कडा कोसळला. लोक मदतीला धावले. थोड्या वेळाने दुसरा कोसळला, त्यात मदतीला धावलेलेही सापडले. मग काही मिनिटांत सगळा डोंगरच आला, सुमारे एक कोटी घनमीटर दगड. ११५ माणसं गेली. त्याची बारीकसारीक नोंद याच आल्बर्ट हाइमने करून ठेवली आहे. इस्पितळात वर्षानुवर्षं काम केलेल्या बाईला त्यातली पहिली वीस-पंचवीस मिनिटंच जास्त छळतात. कोणी हाक मारली की पाय आपोआप धावतात, वर बघायचं सुचत नाही.

त्यानंतरही पाट्या होतच राहिल्या. १८९८ साली सुरू झालेला पाट्यांचा कारखाना १९८३पर्यंत चालला. आता तिथे संग्रहालय आहे. जुनी यंत्रं, लाकडी चौकटी, ढीगभर पाट्या. अशा कामात दगडाची धूळ फुफ्फुसात बसते, ती कुठल्या औषधाने निघत नाही. माझं लक्ष यंत्रांपेक्षा त्या बुटक्या खिडक्यांकडेच होतं.

जाणाऱ्यांसाठी एक सांगते. त्या रेघेच्या थोडं खाली डोंगराला आरपार भोक आहे, मार्टिन्सलोख. मेंढ्या चोरणाऱ्या राक्षसाला संत मार्टिनने काठी फेकून मारली, ती डोंगरातून पार गेली, असं गावकरी सांगतात. मार्चच्या १२-१३ तारखेला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संधीवर, सकाळी, सूर्य त्या भोकातून थेट गावच्या चर्चवर पडतो. दोन-तीन मिनिटंच. गुडघे दुखत असले तरी हरकत नाही, बसस्टॉपपासून चर्च जवळच आहे.