वुजूचे पाणी आणि भिंतीवरची बुरशी

थंडी सुरू झाली की आमच्या कोरेगाव भीमात स्लॅबच्या घरांना घाम फुटतो. नदी जवळ, भोवती उसाची राने, पहाटेचा गारवा. आत मात्र फजरसाठी तापवलेले पाणी, चहाचे आधण, मुलांच्या आंघोळी. मोरीतल्या एक्झॉस्ट फॅनभोवती किंवा चिमणीचा पाइप भिंतीतून जातो तिथे आधी ओलसर कडे उमटते, मग काळे ठिपके.

सणसवाडी-रांजणगावच्या कारखान्यांत कामाला असलेली बरीच कुटुंबे इथे भाड्याने राहतात. आमच्या शेजारच्या अशाच एका भाभींना त्यांचे घरमालक म्हणाले, “तुमच्यात दिवसातून पाचदा हातपाय धुतात, भिंती ओल्या राहणारच.” भाभींनी ते मनावर घेतले आणि खोकल्याने बेजार असलेल्या सासूबाईंनाही वुजूसाठी बाहेर ओट्यावर बसवू लागल्या. आम्हाला हे पटेना.

वुजूत पाणी जपून वापरावे, ही शिकवण आहेच. पण ते पाणी थोडे असते आणि बहुतेक मोरीतून वाहून जाते. खरी वाफ चुलीपाशी आणि गरम पाण्याच्या आंघोळीत होते. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत मिसळते. म्हणजे १४.२ किलोचा सिलिंडर संपेपर्यंत वीस लिटरहून अधिक पाणी; भाताची, डाळीची वाफ वेगळीच. ती गार पाइपाला लागली की इफ्तारच्या सरबताच्या ग्लासावर येतात तसे थेंब येतात. हवा २५ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर १९ अंशांचा पाइपही ओला होतो.

इंग्लंडमधल्या रॉचडेलला अवाब इसहाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये वारला. कुटुंब मूळचे सुदानचे. वडिलांनी २०१७ मध्येच बुरशीची तक्रार केली होती. त्यांना वरून रंग मारायला सांगितले गेले. घर देणाऱ्या संस्थेने कुटुंबाच्या राहणीबद्दल भलतेच तर्क केले, त्यात मजहबी आंघोळीचाही होता. मृत्यू घरातल्या बुरशीमुळेच झाला आणि त्या घरात हवा खेळायची पुरेशी सोय नव्हती, असे २०२२ च्या चौकशीत नोंदवले गेले. संस्थेलाही आपले तर्क चुकीचे होते हे मान्य करावे लागले. २०२३ साली तिथल्या कायद्यात त्याच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद आली. अल्लाह त्याच्या आईवडिलांना सब्र देवो.

भाभींच्या मोरीत फॅन होता, चालूही होता. माळ्यावर चढून पाहिले तर त्याचा पाइप तिथेच मोकळा सोडलेला! सगळी वाफ माळ्यात जाऊन गार स्लॅबला लागत होती. शिवाय समोरच्या गच्चीवरून दिसते म्हणून झरोक्याला पुठ्ठा ठोकला होता. पडदा हवाच, पण त्यासाठी हवा बंद करायची गरज नाही. खाली कललेल्या पट्ट्यांची जाळी बसवली की नजर अडते आणि वारा येतो.

घरमालक माळा पाहून गेले आणि भिंतीला भोक पाडायला तयार झाले. गवंड्याची मजुरी दोघांनी निम्मी निम्मी दिली. पाइप सरळ बाहेर काढला, बाहेरच्या बाजूला किंचित उतार ठेवला, म्हणजे साचलेले थेंब फॅनवर परत येत नाहीत. टोकाला झडप बसवली. पाइपाभोवतीची फट बुजवली, नाहीतर पावसाळ्यात तिथूनच पाणी शिरते. माळ्यातल्या भागाला फोमचे आवरण गुंडाळले. आंघोळीनंतर फॅन पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवायचा आणि दाराखाली बोटभर फट हवी. बाहेरून हवा आत आलीच नाही, तर फॅन ओढणार काय?

ओल पाइपाची की भिंतीत मुरलेल्या पाण्याची, हे कळायला कोरड्या केलेल्या जागेवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवावा. थेंब खोलीच्या बाजूला आले तर वाफ, भिंतीच्या बाजूला आले तर गळती. थोडी बुरशी असेल तर तोंडाला मास्क लावून साबणाच्या पाण्याने पुसावी. ब्लीच आणि संडास धुण्याचे अॅसिड कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

सासूबाई आता आतच वुजू करतात. कपाटामागे अजून एक काळा डाग आहे. कपाट चार बोटे पुढे ओढून ठेवले आहे. तो वाढतो का, ते या थंडीत कळेल.