आकडा जुळत नाही तेव्हा

अमेरिकेतल्या ॲमहर्स्टच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात थॉमस हर्नडन अर्थशास्त्रात पीएचडी करत होता. वर्गात गृहपाठ मिळाला: एखादा प्रसिद्ध शोधनिबंध घ्या आणि त्यातले निष्कर्ष स्वतः काढून दाखवा. हर्नडनने कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांचा २०१० मधला निबंध निवडला. सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांपलीकडे गेले की देशाची वाढ खुंटते, असे त्यात म्हटले होते. खर्चकपातीचे समर्थक तेव्हा जगभर त्याचाच दाखला देत होते.

हर्नडनचे आकडे काही केल्या जुळेनात.

अशा वेळी विद्यार्थी आधी स्वतःवरच संशय घेतो. प्राध्यापकांनाही प्रथम चूक त्याचीच वाटली. त्यांनी पुन्हा तपासायला सांगितले. पण त्याला गप्प बसवले नाही. त्याने मूळ लेखकांकडे आकडेवारीची मागणी केली आणि त्यांनीही आपली एक्सेलची फाइल देऊन टाकली. हा मोठेपणा नोंदवायलाच हवा, कारण फाइल मिळाली नसती तर गोष्ट तिथेच संपली असती.

फाइल उघडल्यावर दिसले की सरासरी काढताना वीसपैकी पाच देश सूत्राबाहेरच राहिले होते: ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क. शिवाय काही वर्षांची उपलब्ध आकडेवारी वगळलेली होती आणि देशांना दिलेले वजनही हर्नडनला पटण्यासारखे नव्हते. हे सगळे दुरुस्त केल्यावर मोठे कर्ज असलेल्या देशांचा सरासरी वाढदर उणे ०.१ टक्क्याऐवजी २.२ टक्के आला. एप्रिल २०१३ मध्ये हर्नडन आणि त्याचे प्राध्यापक मायकेल ॲश व रॉबर्ट पॉलिन यांनी हे निष्कर्ष एकत्र प्रसिद्ध केले. राइनहार्ट-रोगॉफ यांनी एक्सेलची चूक मान्य केली. बाकीचे आक्षेप मात्र फेटाळले. तो वाद उघड्यावर, सर्वांसमोर झाला, आणि व्हायला हवा होता तसाच झाला.

खुले विज्ञान, म्हणजे आकडेवारीसकट सगळे काम इतरांना तपासता येईल असे विज्ञान, शिकवायचे ते असे. त्यावर व्याख्यान देऊन विद्यार्थ्याच्या हाती फार काही लागत नाही. दुसऱ्याची आकडेवारी उघडून बसले की स्वतःची कशी ठेवावी ते कळते: कोणता रकाना कशाचा, काय वगळले, का वगळले.

आपल्याकडे पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात, ही मोठीच सोय. त्यामागची आकडेवारी मात्र बहुधा विद्यार्थ्याच्या लॅपटॉपमध्येच राहते. गाईड मंडळींनी येत्या सत्रात प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला एकतरी जुना निष्कर्ष पुन्हा काढायला द्यावा, आणि आकडा जुळला नाही तर त्याच्या शेजारी बसून फाइल उघडावी.