शिळ्याची बाजू

शिळ्या कढीला ऊत आणू नये, असे आपण म्हणतो. शिळी बातमी कोणी ऐकत नाही, आणि पाहुण्याच्या पानात शिळे वाढणे म्हणजे तर त्याचा अपमानच! एवढे असून निवांत गप्पांना मात्र आपण ‘शिळोप्याच्या गप्पा’ म्हणतो. व्युत्पत्तीचे पंडित काय म्हणायचे ते म्हणोत. या दोन शब्दांचे काहीतरी नाते असावे, असे मला दरवर्षी गणपतीच्या दिवसांत वाटते. घरात आदल्या दिवशीचे काही करून ठेवलेले असेल, तरच बाईमाणसाच्या वाट्याला शिळोपा येतो.

माझे माहेर भोरचे आणि सासर महाडजवळ, औद्योगिक वसाहतीच्या अंगाला. मधे वरंध घाट. घाट उतरला की भाकरीचा रंग बदलतो, जोंधळ्याची जाऊन तांदळाची येते, आणि सणाला कढईत वडे पडू लागतात.

गणपतीला चाकरमानी मुंबईहून रात्री निघतात. महामार्गावरची गर्दी ज्याला जसे सोडील तसा तो पोहोचतो. कोणी पहाटे तीनला, कोणी उजाडता. पोलादपूरच्या आत्याबाई लेकीसुनांसह येतात त्या सकाळच्या एसटीने. घरात पंचवीस माणसे. कोणी घोरते आहे, कोणी आंघोळीसाठी रांगेत आहे. पण दहाच्या सुमारास सगळ्यांना एकदम भूक लागते. न्याहारी म्हणावी तर वेळ टळलेली, जेवण म्हणावे तर नैवेद्याला अजून अवकाश. मुंबईच्या भाच्या त्याला ‘ब्रंच’ म्हणतात. म्हणोत बापड्या. नाव इंग्रजी असले तरी पिठात हात आमचेच असतात.

वड्यांच्या बाबतीत सासूबाईंचा एकच कायदा : कढईतून थेट पानात. पिठाची तयारी त्या आठ दिवस आधी करत. किलोभर तांदळाला पाव किलो उडदाची डाळ, तिच्या निम्मी हरभऱ्याची, मूठभर धने, चमचाभर मेथी; सारे मंद भाजून जाडसर दळायचे. किलोभर पिठाचे पन्नासएक वडे होतात. पंचवीस माणसे, माणशी चार वडे. म्हणजे शंभर वडे थापायचे, तळायचे आणि टम्म फुगलेले असतानाच बाहेर धाडायचे. बाहेर पंगत हसत असते, आणि आत सासूबाई पदराने कपाळ पुसत उभ्या. त्यांचा नंबर लागेपर्यंत वालाच्या बिरड्याचा नुसता रस उरलेला असे. तो वड्याला लावून उभ्या उभ्या चार घास खायचे की झाले. पंधरा वर्षांत त्यांना वडे बसून खाताना मी पाहिले नव्हते.

गंमत अशी, की त्या बिरड्याला शिळे कोणी म्हणत नाही! वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, पुन्हा कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचे. परवा सुरू केलेले काम आज पानात येते. तो मात्र सोहळा, आणि कालचा वडा म्हणजे अपमान. हा न्याय कुठला?

आमच्या घरात थंड खाण्याचे खरे पारखी म्हणजे मामंजी. सारी नोकरी वसाहतीतल्या कारखान्यात पाळ्यांवर झाली. सकाळच्या पाळीचा डबा पहाटे भरायचा आणि उघडायचा तो जेवणाच्या सुट्टीत. तांदळाची भाकरी तव्यावरून उतरते तेव्हा लुसलुशीत असते. पण उकडीतला तांदूळ निवला की आक्रसतो, आणि दुपारपर्यंत तिचा पुठ्ठा होतो. मामंजींच्या मते डब्यात टिकणाऱ्या जिनसा दोनच : वडे आणि तिखटमिठाच्या पुऱ्या. पुरीत गव्हाला चौथाई बेसन, ओवा, तीळ, हळद, तिखट आणि कडकडीत तेलाचे मोहन. पीठ घट्ट हवे. तेल पिठाला मऊ ठेवते, आणि तळताना पाणी उडून गेल्यामुळे पुरी लवकर खराब होत नाही. एकच पथ्य : पुरती निवल्याशिवाय डब्याचे झाकण लावायचे नाही. वाफ आत कोंडली, की तिचेच पाणी होऊन पुऱ्यांवर ठिबकते.

याच्या जोडीला माझ्या माहेरच्या दशम्या. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवायचे. सोवळ्याओवळ्याच्या काळात पाण्यात भिजवलेले अन्न वाटेत चालत नसे, दुधातले चाले; त्या सोयीतून प्रवासाला एक चांगली भाकरी मिळाली. सोवळे गेले, दशमी राहिली. हेही एका परीने बरेच झाले.

२२ जुलै २०२१ ला महाड पाण्याखाली गेले. पाणी ओसरल्यावर घराघरांत चिखल होता, चूल मांडायला कोरडी जागा नव्हती. आमचे घर उंचावर. सासूबाईंनी त्या दिवशी कायदा गुंडाळून ठेवला आणि आम्ही पिंपभर तिखटमिठाच्या पुऱ्या तळून गावात पाठवल्या. खाणाऱ्यांच्या हातात त्या पडल्या तेव्हा केव्हाच्या निवल्या होत्या. अपमान झाला, असे कोणी कळवले नाही.

त्यानंतरच्या गौरीला मी आणि धाकट्या जाऊबाईंनी आदल्या रात्रीच शंभर वडे तळले, पसरून निववले आणि केळीच्या पानावर रचून वर फडके टाकले. दशम्या दुसऱ्या डब्यात. सासूबाई पाहत होत्या. “माणसं काय म्हणतील?” एवढेच म्हणाल्या आणि झोपायला गेल्या.

सकाळी दहाला तव्यावर वडे नुसते शेकले. वाढायचे काम भाच्यांकडे दिले. ब्रंच त्यांचे, तर वाढणेही त्यांचेच! आत्याबाईंनी सासूबाईंचा हात धरून त्यांना आपल्या शेजारी बसवले. त्या पाटावर अशा अवघडून बसल्या, की जणू परक्या घरी आल्या होत्या. पहिला वडा सावकाश मोडला, बिरड्यात बुडवला, चावत राहिल्या. आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दारात श्वास रोखून उभ्या.

“वैनी, कसा झालाय?” आत्याबाईंनी विचारले.

“मेथी थोडी जास्त पडते गं,” सासूबाई म्हणाल्या. “इतकी वर्षं कुणी बोललं कसं नाही?” आणि दुसऱ्या वड्यासाठी पान पुढे केले.