बॉर्नव्हिलचं चॉकलेट आणि एक फार्दिंग

गेल्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी तीन आठवडे बर्मिंगहॅमला होतो. दुसऱ्या रविवारी टीममधले सगळे खरेदीला गेले आणि मी न्यू स्ट्रीट स्टेशनवरून बॉर्नव्हिलची लोकल पकडली. दहा-बारा मिनिटांचा प्रवास. उतरलो तर स्टेशनच जांभळं! कॅडबरीच्या कागदाचा जांभळा. कारखाना इथेच आहे. "बाबा, चॉकलेट आण," एवढंच मुलीनं सांगितलं होतं. मला मात्र कारखान्यापेक्षा शेजारचं गाव बघायचं होतं.

रिचर्ड आणि जॉर्ज कॅडबरी या भावांनी 1879 साली शहरातल्या गर्दीतून कारखाना इथल्या मोकळ्या रानात आणला. पुढे 1893 मध्ये जॉर्जनं शेजारची 120 एकर जमीन घेतली आणि दोन वर्षांनी घरं बांधायला सुरुवात केली. लाल विटांची, उतरत्या छपरांची घरं, प्रत्येकामागे बाग आणि बागेत फळझाडं. घरं फक्त आपल्याच कामगारांना द्यायची असंही नव्हतं. 1900 साली त्यानं हे सगळं एका ट्रस्टच्या हवाली केलं, म्हणजे घरच्यांचाही त्यावर हक्क उरला नाही. गावात पब मात्र येऊ दिला नाही.

हे सगळं आलं कुठून? कॅडबरी कुटुंब क्वेकर होतं. क्वेकर म्हणजे ख्रिस्ती धर्मातला एक छोटा पंथ. युद्ध नको, शपथ नको, दारू-जुगार नको, आणि प्रत्येक माणसात देवाचा अंश आहे ही श्रद्धा. इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरचे म्हणून ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारं त्यांना कित्येक पिढ्या बंद होती. मग ही माणसं व्यापारात शिरली. कॅडबरी, फ्राय आणि राउंट्री ही चॉकलेटची तिन्ही मोठी घराणी क्वेकर. बार्कलेज आणि लॉइड्स या बँकांची मुळंही त्यांच्यातच.

गावच्या हिरवळीजवळ त्यांचं 1905 सालचं प्रार्थनाघर आहे. दारातल्या आजींनी "आत या, बसा" म्हटलं. मी गोव्याचा. माझ्यासाठी चर्च म्हणजे फुलांनी सजवलेली वेदी, मेणबत्त्या, गाणी, फेस्ताची गर्दी. इथे यातलं काही नाही. पाद्रीही नाही. माणसं येतात आणि तासभर गप्प बसतात. कुणाला आतून काही सांगावंसं वाटलं तर उभं राहून चार वाक्यं बोलायची. त्या दिवशी कुणीच बोललं नाही.

त्या शांततेत मला माझं काम आठवत राहिलं. आमचा क्लायंट ऑनलाइन बेटिंगवाला होता. तिकडे ते कायदेशीर आहे. माझ्याकडे नोटिफिकेशनचं मॉड्यूल होतं. सात दिवस खेळायला न आलेल्या ग्राहकाला 'तुमच्यासाठी खास बोनस' असा मेसेज पाठवायचा, आणि तो कोणत्या वेळी जास्त उघडला जातो ते बघून वेळ ठरवायची. आमच्या आकड्यांत रात्री दोनची वेळ वर येत होती. मांडवीतल्या कसिनोच्या बोटी बघत मी मोठा झालोय. आमच्या वाड्यावरच्या एका दादाची रिक्षा त्यातच गेली. तरी सहा महिने मी ते मॉड्यूल मन लावून लिहीत होतो.

जॉर्ज कॅडबरीनं धर्म फक्त रविवारपुरता ठेवला नाही. 1901 साली तो 'डेली न्यूज' या लंडनच्या दैनिकाच्या खरेदीत उतरला, बोअर युद्धाला विरोध करायला. त्याच पेपरनं म्हाताऱ्या कामगारांच्या पेन्शनची बाजू लावून धरली, आणि 1908 साली तसा कायदा झाला. पेपरातून घोड्यांच्या शर्यतीच्या टिपा त्यानं काढून टाकल्या. खप घटेल हे माहीत असून. पण काही वर्षांनी याच कुटुंबाचा पैसा 'स्टार' या सायंदैनिकात गेला, आणि त्यात टिपा चालूच राहिल्या. लोकांनी ढोंगी म्हणून झोडपलं.

त्याहून मोठी गोष्ट कोकोची. कॅडबरीचा जवळपास निम्मा कोको आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावरून यायचा. तेव्हा आपल्या गोव्यावर जो पोर्तुगीज झेंडा होता, तोच तिथेही. अंगोलातून माणसं धरून आणायची, कागदावर करार दाखवायचा, आणि परत कधीच सोडायचं नाही. 1901 मध्ये तिथला एक मळा विक्रीला निघाला, त्याच्या मालमत्तेच्या यादीत मजूरही होते, किंमत लावून. ही बातमी विल्यम कॅडबरीच्या कानावर आली. 1905 मध्ये कंपनीनं चौकशीला माणूस पाठवला. खरेदी थांबली 1909 साली.

मधली आठ वर्षं? कंपनीचं म्हणणं असं की आम्ही गिऱ्हाईक राहिलो तरच पोर्तुगाल आमचं ऐकेल, आणि सरकारनंही थांबायला सांगितलं होतं. 'स्टँडर्ड' या वर्तमानपत्रानं यावर जळजळीत लिहिलं. कॅडबरींनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि बर्मिंगहॅमच्या कोर्टात तो जिंकला. ज्यूरीनं भरपाई दिली एक फार्दिंग. म्हणजे पाव पेनी, तेव्हाचं सगळ्यात लहान नाणं.

मला त्या ज्यूरीचं कौतुक वाटतं. बागा खऱ्या, पेन्शनही खरी, आणि आठ वर्षंही खरी. श्रद्धा होती म्हणून चौकशीला माणूस गेला. हिशेब होता म्हणून बोटी येत राहिल्या. दोन्ही एकाच घरात.

सोमवारी मी मॅनेजरना सांगितलं, मला दुसरं मॉड्यूल द्या. त्यांनी फार विचारलं नाही. "ठीक आहे," म्हणाले, आणि ते काम बाजूच्या टेबलावरच्या मुलाला दिलं. मेसेज अजूनही जातात. पगार मला त्याच क्लायंटच्या पैशातून मिळतो. म्हणजे मी फार काही सोडलेलं नाही, हे मला कळतं. घरी बाबांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, "सुरुवात तरी केलीस. आता आठ वर्षं लावू नकोस."

तुमच्यापैकी कुणी बर्मिंगहॅमला गेलात तर चॉकलेटच्या दुकानानंतर तासभर गावातही फिरा. रविवारी सकाळी प्रार्थनाघर उघडं असेल तर बसा. कुणी तुम्हाला काही विचारणार नाही. मुलीसाठी मी चॉकलेट आणलं. ती मोठी झाली की त्याची ही गोष्टही सांगेन.