चेंडू, चोपडी आणि गुडघा

दुसऱ्याचे पैसे खर्च करण्यासारखे निर्भेळ सुख या जगात दुसरे नाही. आणि ते मनसोक्त भोगायचे असेल तर माणसाने फुटबॉलचा शौकीन व्हावे. आमचेच उदाहरण घ्या ना! घरी दुधाच्या हिशेबात पाच रुपयांची चूक निघाली तर आम्हांला रात्री झोप येत नाही. पण रविवारी संध्याकाळी वाचनालयाच्या पायरीवर चार मित्रांसह बसलो, की आमच्या आवडत्या क्लबसाठी दोन बचावपटू आणि एक परदेशी आघाडीवीर आम्ही बाजारातून भाजी आणावी इतक्या सहजपणे विकत आणतो. जो खेळाडू मागच्या सामन्यात चुकला त्याला विकतो, ज्याचा पाय दुखावला त्याला घरी पाठवतो, आणि दिवेलागणीला कृतार्थ मनाने उठतो. या व्यवहारात आमच्या पदरचा एक पैसाही जात नाही, हे सांगायला नकोच.

हा शौक आम्हांला लागला यात आमचा दोष थोडा आणि भूमीचा अधिक. गोव्यात फुटबॉलचा खेळ १८८३ साली शिवोलीला एका धर्मगुरूने आणला असे सांगतात. तेव्हापासून भातकापणी झालेल्या शेतात, देवळापुढच्या आणि चर्चपुढच्या मोकळ्या जागेत चेंडू फिरतोच आहे. आम्ही डिचोलीकडचे. आमच्या लहानपणी दारावरून लोहखनिजाचे ट्रक दिवसभर धावत. अंगणातली तुळससुद्धा लाल दिसे. ते खनिज पुढे बार्जांतून मांडवीवाटे मुरगाव बंदराला जाई. आम्ही नाकाला रुमाल लावून त्या धुळीला शिव्या देत असू, आणि त्याच धंद्यात नावारूपाला आलेल्या घराण्यांनी पोसलेल्या संघांसाठी संध्याकाळी टाळ्या वाजवीत असू. यांतील साळगावकर क्लब १९५६ मध्ये विमसन या नावाने सुरू झाला. धेंपो क्लब त्यानंतरचा. हे दोन्ही खाणमालकांचे क्लब, आणि चर्चिल ब्रदर्स हा तिसरा. या तिघांनी आम्हांला जे दिवस दाखवले ते आठवले की आजही ऊर भरून येतो. २००७-०८ मध्ये आय-लीग सुरू झाली आणि तिची पहिली सहा विजेतेपदे गोव्याबाहेर गेलीच नाहीत. धेंपोने तीन, चर्चिल ब्रदर्सने दोन आणि साळगावकरने एक, अशी ती वाटून घेतली. कलकत्त्याच्या मोठमोठ्या क्लबांना सहा वर्षे हात हलवीत परत जावे लागले!

त्या सहा वर्षांत क्लबची चोपडी कशी चालते, याचा विचार आमच्या मनाला शिवला नाही. क्लबकडे पैसा यायच्या वाटा साधारण चार. प्रेक्षकांची तिकिटे ही पहिली, प्रक्षेपणाचे हक्क ही दुसरी, जाहिरातदार ही तिसरी, आणि दुसऱ्या क्लबला दिलेल्या खेळाडूची किंमत ही चौथी. पाचवी वाट मालकाच्या खिशातून येते. आमच्या क्लबांच्या पहिल्या चार वाटांवर गवत माजले होते. पाचवी मात्र राजरस्त्यासारखी रुंद होती. गवत का माजले, हे आम्ही कोणत्या तोंडाने विचारावे? फातोर्ड्याच्या मैदानावर आम्ही कितीतरी सामने पाहिले. पण तिकीट किती वेळा काढले, हे कोणी विचारले तर आम्ही विषय बदलतो. कोणाच्या तरी ओळखीने पास मिळवायचा आणि फुकट बसून मालकाच्या कंजूषपणावर टीका करायची, ही आमची रीत होती.

पुढे २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणींचे काम थांबवले, आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचीही बंदी आली. २०१४ मध्ये ती उठली खरी. पण २०१८ मध्ये खाणपट्टे रद्द होऊन खाणी पुन्हा थांबल्या. मधल्या काळात, २०१६ साली, साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो या तिन्ही क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. याला सर्वस्वी खाणीच कारण, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय संघटनेच्या नव्या आराखड्यात आय-लीगला दुय्यम स्थान मिळणार, हे क्लबांना मान्य नव्हते. आणि धेंपो घराण्याने तर आपला खाणधंदा २००९ मध्येच विकला होता. पण ज्या मांडवाला एकच खांब असतो त्याचे भवितव्य त्या खांबाच्या मर्जीवर असते, एवढे तरी आम्हांला त्या वर्षी कळले. २०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगचा मांडव मोठा झगमगीत, आणि त्यात गोव्याचाही संघ. परंतु २०२५ मध्ये राष्ट्रीय संघटना आणि लीगचे चालक यांच्यातील कराराची मुदत संपत आली, नवा करार होईना, आणि त्या वर्षीचा हंगाम ठरल्या वेळी सुरूच होऊ शकला नाही. काही क्लबांनी खेळाडूंचे पगारही थांबवले. मांडव बदलला होता. खांब पुन्हा एकच निघाला.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे मात्र समजू नये. स्पेनमधील बार्सिलोना या क्लबने २०१७ मध्ये नेमारला २२ कोटी २० लाख युरोंना पॅरिसच्या क्लबला दिले. इतकी किंमत जगात कोणत्याही खेळाडूला तोवर आली नव्हती. हाती आलेला पैसा नव्या खेळाडूंवर आणि भरमसाट पगारांवर गेला. चारच वर्षांनी, २०२१ च्या ऑगस्टमध्ये, याच क्लबला मेस्सीशी नवा करार करता आला नाही. स्पेनच्या लीगने घातलेल्या खर्चाच्या मर्यादेत तो बसेना. ज्या क्लबात तो लहानाचा मोठा झाला, त्याचा निरोप घेताना मेस्सी ढसाढसा रडला, हे आमच्या बालवाचकांनीही पाहिले असेल. चोपडीतला एक आकडा चुकला म्हणजे तो कोठे जाऊन कोणाच्या डोळ्यांतून बाहेर पडेल, याचा नेम नाही.

आता खेळाडूंच्या क्लब बदलण्याविषयी. या बाबतीत आमची मते एकेकाळी फार कडक होती. २०११ मध्ये ओडाफा ओकोली चर्चिल ब्रदर्स सोडून मोहन बागानला गेला. त्याच्या पुढच्या वर्षी रँटी मार्टिन्स धेंपो सोडून कलकत्त्याच्याच दुसऱ्या एका क्लबात गेला. आणि गेला तोही आय-लीगच्या एका हंगामात ३२ गोल करून! आम्ही दोघांनाही कृतघ्न ठरवले. ‘मीठ खाल्ले गोव्याचे आणि...’ असे बरेच काही बोललो. त्याच आठवड्यात आमच्या पुतण्याने डिचोलीची नोकरी सोडून पुण्याची दीडपट पगाराची नोकरी धरली, आणि आम्ही गल्लीत पेढे वाटले. पेढा तोंडात टाकता टाकता वहिनींनी सहज विचारले, “भाऊजी, मग तो ओडाफा का हो वाईट?” आम्हांला पेढा गिळायला पाणी प्यावे लागले.

खरे तर खेळाडूला आपला धनी निवडायचा हक्क फार उशिरा मिळाला. पूर्वी युरोपात करार संपला तरी जुना क्लब पैसे घेतल्यावाचून खेळाडूला सोडीत नसे. झाँ-मार्क बोसमान या बेल्जियमच्या एका सामान्य खेळाडूने त्याविरुद्ध दाद मागितली आणि १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. तेव्हापासून करार संपलेला खेळाडू मोकळा झाला. दुसरीही एक चांगली सोय २००१ पासून आहे. खेळाडू किंमत घेऊन एका देशातून दुसऱ्या देशात गेला, की त्या किमतीतील ५ टक्के रक्कम त्याला लहान वयात घडवणाऱ्या क्लबांना वाटायची असते. गावच्या मैदानाचे ऋण मोठ्या बाजाराने फेडावे, ही कल्पना आम्हांला फार आवडते.

येथपर्यंत चेंडू आणि चोपडी झाली. गुडघ्याची गोष्ट सांगताना मात्र आमची जीभ अडखळते.

५ डिसेंबर २००४ ची ती संध्याकाळ. बंगळूरला फेडरेशन चषकाचा अंतिम सामना, धेंपो विरुद्ध मोहन बागान. त्याच वर्षी ईस्ट बंगाल सोडून धेंपोकडे आलेला ब्राझीलचा पंचवीस वर्षांचा क्रिस्टियानो ज्युनिअर याने दोन्ही गोल केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली, तो कोसळला आणि पुन्हा उठला नाही. चषक गोव्याला आला. चषक मिळवून देणारा गेला. मैदानावर वैद्यकीय मदत किती तत्पर असावी, हा प्रश्न त्या दिवशी साऱ्या देशाला पडला. धेंपोने त्याचा १० क्रमांकाचा सदरा पुढे कोणाला द्यायचा नाही असे ठरवले. आम्ही त्या रात्री जेवलो नाही. एवढे सारे आठवत असतानाही पुढे आम्ही जे वागलो, ते येथे लिहून टाकले पाहिजे.

काही वर्षांनी फातोर्ड्याला एक सामना होता. शेजारच्या ट्रकवाल्याचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा हट्ट धरून आमच्याबरोबर आला होता. आमच्या संघातला एक खेळाडू दुखापतीतून नुकताच परतला होता आणि जरा जपून पाय टाकीत होता. हातची एक संधी त्याने दवडली आणि आम्ही उभे राहून ओरडलो, “काढा त्याला बाहेर! लंगडा घोडा पोसायला पैसे वर आलेत काय? विकून टाका!” आजूबाजूचे लोक हसले. मुलगाही हसला. आम्हांला आमच्या विनोदाचा अभिमान वाटला.

तो मुलगा पुढे उत्तम खेळू लागला. शाळेच्या संघातून तालुक्याच्या संघात आणि तेथून एका क्लबच्या तरुण संघात गेला. एकोणिसाव्या वर्षी, कोणी धक्का दिलेला नसताना, नुसता वळताना त्याच्या गुडघ्यातले लिगामेंट तुटले. ही दुखापत फुटबॉलपटूंना नेहमीचीच. शस्त्रक्रिया करावी लागते आणि पुन्हा मैदानावर यायला नऊ महिने, कधी वर्षही लागते. राष्ट्रीय संघाकडून खेळताना मोठा खेळाडू जायबंदी होऊन २८ दिवसांहून अधिक काळ बसला, तर त्याच्या क्लबला फिफा २०१२ पासून भरपाई देते. पण आमच्या शेजारच्या मुलासाठी कोणत्याच चोपडीत पान नव्हते. करार कागदावर झालेला नव्हता. क्लबवाल्यांनी “बरा झालास की ये” म्हटले, आणि विषय संपला. खाणी पुन्हा थांबल्यापासून त्याच्या वडिलांचा ट्रक दारात उभाच होता. शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी तो मिळेल त्या किमतीला विकला गेला.

आम्ही त्याला भेटायला गेलो. पाय उशीवर ठेवून तो खिडकीशी बसला होता. आम्ही म्हणालो, “बाबा, धीर सोडू नकोस. होशील बरा.” तो बराच वेळ काही बोलला नाही. मग हलकेच म्हणाला, “काका, फातोर्ड्याला तुम्ही त्या खेळाडूला लंगडा घोडा म्हणाला होता ना? त्याचाही गुडघाच होता.”

त्याच्या स्वरात राग नव्हता. राग असता तर आम्ही काही उत्तर दिले असते.

त्या दिवसापासून आम्ही वाचनालयाच्या पायरीवर खेळाडू विकत नाही. क्लबने जमाखर्च पाहू नये, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. उलट, ज्यांनी तो पाहिला नाही त्यांचे काय झाले ते वर सांगितलेच. पण त्या चोपडीत दुखावलेल्या मुलाच्या औषधपाण्याचा खर्च पहिल्या ओळीत असावा आणि त्याच्याशी झालेला करार कागदावर असावा, इतके मागण्याचा हक्क प्रेक्षकाला आहे. आणि हा हक्क मागणाऱ्याने निदान तिकीट तरी काढावे! धेंपोचा संघ २०२४ मध्ये आय-लीगमध्ये परतला. त्यानंतर त्याचा घरचा सामना पाहायला आम्ही गेलो, तो तिकीट खिडकीवरूनच. कारकुनाने नोट घेताना आमच्याकडे विशेष पाहिले नाही. आम्हांला मात्र उगीचच कोणीतरी जबाबदार गृहस्थ झाल्यासारखे वाटले.

तो मुलगा मोठ्या क्लबात परत गेला नाही. गुडघा बरा झाला, पण दोन हंगाम हातचे गेले होते, आणि त्या जागी दुसरा कोणी आला होता. आता तो दिवसा नोकरी करतो आणि संध्याकाळी आमच्या शाळेच्या मैदानावर लहान मुलांना शिकवतो. गळ्यात शिट्टी, खिशात पट्टी, आणि कडेला बर्फाचा डबा. आम्ही रोज फिरायला जाताना तेथे थोडे थांबतो. मागच्या आठवड्यात एक पोरगा पडला, उठला, आणि पाय ओढीत पुन्हा चेंडूमागे धावू लागला. आमच्या तोंडून मोठ्याने निघून गेले, “काढा त्याला बाहेर!”

मुलाने वळून आमच्याकडे पाहिले, शिट्टी वाजवली, आणि हसत हसत बर्फाचा डबा उचलला.