घाटाखालचे पाणी

उन्हाळ्याच्या सुटीत नातलगांकडे जाणे ही आमच्या लहानपणी ठरून गेलेली गोष्ट होती. वार्षिक परीक्षा संपली, की वर्गातली मुले कोणी मामाच्या, कोणी मावशीच्या गावाला जात आणि जूनमध्ये परतल्यावर तिथल्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगत. आम्हां भावंडांना मात्र गावातच सुटी घालवण्याची सवय झाली होती. त्यामुळे १९७३ सालच्या मे महिन्यात एका संध्याकाळी वडील म्हणाले, "परवा आपण सगळी आत्याकडे पोफळीला जायचं," तेव्हा मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला रात्रभर झोप आली नाही. मी सहावीची परीक्षा दिली होती, ती तिसरीची.

आमचे गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. सह्याद्रीवर धो धो कोसळणारा पाऊस आमच्या माळरानापर्यंत पोचेतो थकून गेलेला असतो. त्यातून १९७२ चा पावसाळा तर जवळजवळ कोरडाच गेला. विहिरींचे तळ दिसू लागले. गावातली बायामाणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. आई परत येई तेव्हा तिच्या तळहातांवरचे घट्टे मी दिव्याच्या उजेडात पाहत असे. घरात तांबड्या मिलोची भाकरी असे. कामावर मिळणारी सुकडी आई पदराच्या गाठीत बांधून आमच्यासाठी आणी. बैलजोडी गुरांच्या छावणीत होती. गोठ्यात उरली होती ती एक शेळी. ती बहिणीची. म्हणजे घरचीच, परंतु तिला पाणी दाखवणे, तिच्यासाठी बाभळीच्या शेंगा वेचून आणणे ही सारी कामे बहिणीनेच स्वतःकडे घेतली होती. शेळी गाभण होती, आणि होणाऱ्या करडांची नावेही बहिणीने ठरवून ठेवली होती.

वडिलांचे एक चुलतभाऊ कऱ्हाडच्या एका व्यापाऱ्याची मालमोटार चालवीत. कऱ्हाडहून गूळ भरून ती मोटार चिपळूणला जायची होती. वाटेवर पोफळी लागते. तिथे आम्हांला उतरवायचे आणि तीन दिवसांनी परतताना घ्यायचे, असे ठरले. शेजाऱ्यांना शेळीची काळजी घ्यायला सांगितले. रिकाम्या हातांनी लेकीच्या घरी कसे जायचे, हा प्रश्न आजीला पडला. दुष्काळी घरात न्यायला होते तरी काय? शेवटी तिने माळ्यावरची एक नवी घोंगडी काढून झटकली. कोकणात, त्यातही ऐन वैशाखात घोंगडी! आई हसली, पण आजी म्हणाली, "पावसाळा काय येणारच नाही का?"

दहिवडी, वडूज, पुसेसावळी करीत आम्ही कऱ्हाडला आलो, तेव्हा ऊन चढले होते. ढेपी भरून होईपर्यंत काकांनी आम्हांला कृष्णा-कोयनेचा संगम दाखवला. दोन नद्या समोरासमोर येऊन एकमेकींना भेटतात, असे दृश्य क्वचितच पाहायला मिळते. पात्रात त्या वर्षी पाणी बेताचेच होते. तरी बहीण काठावर थांबली ती थांबलीच. इतके पाणी मोकळ्यावर, राखणीवाचून वाहते आहे, हेच तिला खरे वाटेना. "हे कुणाचं?" तिने विचारले.

पुढे मोटारीच्या पुढच्या भागात काका, आजी, आई आणि बहीण बसली. वडील आणि मी मागे हौद्यात, गुळाच्या ढेपींवर तरट अंथरून बसलो. बहिणीला तिथेच बसायचे होते. ती रुसली, तेव्हा वडील म्हणाले, "येताना तू हौद्यात बस." बोलून झाल्यावर त्यांनी तोंड दुसरीकडे वळवले. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटले नाही.

गुळाच्या वासाने भरलेला तो प्रवास मी अजून विसरलेलो नाही. मल्हारपेठ गेले, पाटण गेले. झाडे वाढू लागली, डोंगर जवळ येऊ लागले. कोयनेचा काठ धरून रस्ता चालला होता. कोयनानगर आले तेव्हा वडिलांनी मला हाताने दाखवले, "तुझ्या आत्याचं घर इथंच होतं."

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसे त्यात दगावली. आत्याचे यजमान धरणाच्या कामावर होते. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. त्यांचे घर कोसळले, पण माणसे वाचली. आठवड्याने आत्या आपल्या दोन मुलांना घेऊन आमच्या घरी आली आणि चार महिने राहिली. मी फार लहान होतो. ज्वारीच्या कणगीमागे आम्ही सारी मुले लपंडाव खेळत होतो, एवढेच मला आठवते. कणगी तेव्हा भरलेली होती. पुढे मामांना पोफळीच्या वीजगृहात काम मिळाले आणि त्यांचा संसार घाटाखाली गेला.

हेळवाक मागे टाकून मोटार कुंभार्ली घाटाच्या माथ्याशी आली आणि इंजिन तापले. काकांनी ती सावलीला उभी केली. झाकणातून वाफ फुसफुसत होती. आम्ही खाली उतरून भाकरी खाल्ली. मी एका झाडाच्या बुंध्याशी आडवा झालो. मुले झोपली म्हणजे त्यांचे कानही झोपतात, अशी मोठ्या माणसांची एक समजूत असते. आई हळू आवाजात म्हणत होती, "तिला आत्ताच सांगितलं, तर ती पुढं येणारच नाही. निघताना ती झोपलेली असेल असं बघू."

वडील म्हणाले, "पाऊस पडेपर्यंतच. एक ताट कमी झालं, तर बाकीच्यांचं निभेल. पण आक्काला काय वाटेल? पाच वर्षांपूर्वी चार महिने सांभाळलं, त्याची वसुली करायला आलो, असं नाही ना वाटणार?"

आजी काहीच बोलली नाही. ती घोंगडीची घडी उगाचच पुन्हा घालीत होती.

मी डोळे उघडले नाहीत. उघडले असते, तर मला काहीतरी म्हणावे लागले असते. बहीण चार पावलांवर करवंदीच्या जाळीत शिरून करवंदे खात होती आणि प्रत्येक करवंद कोंबडा की कोंबडी, हे ओरडून मला सांगत होती. घाट उतरताना दरी किती खोल होती, वळणे किती होती, हे मला सांगता येणार नाही. मी काही पाहिलेच नाही.

आत्याने आम्हांला पाहिले मात्र, आणि तिचा चेहरा फुलून गेला. भात, आमटी, फणसाची भाजी! पोटभर भात आम्ही कितीतरी महिन्यांनी पाहिला होता. रात्री वडिलांनी चाचरत विषय काढला, तेव्हा आत्याने त्यांना पुरते बोलूही दिले नाही. "अरे, हे विचारायला तू एवढा घाट उतरून आलास होय? दोघांनाही ठेव," ती म्हणाली. मग क्षणभर थांबून म्हणाली, "पण पोरीला झोपेत सोडून जायचं नाही. भूकंपानंतर माझी मुलं कितीतरी रात्री दचकून उठत आणि मी जवळ आहे ना, ते चाचपून बघत. तिला सांगून ठेव. ती रडेल, रडू दे."

दुसऱ्या दिवशी मामा आम्हांला पाणी दाखवायला घेऊन गेले. वीजगृह डोंगराच्या पोटात आहे. तिथे आम्हांला जाता येण्याजोगे नव्हते. परंतु चक्रे फिरवून झाल्यावर जे पाणी बोगद्यातून बाहेर पडते, ते त्यांनी दाखवले. मुलांनो, कोयना महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावते, दक्षिणेकडे वाहत येते, हेळवाकपाशी पूर्वेकडे वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. तिचे पाणी पुढे बंगालच्या उपसागरात जायचे. परंतु धरणाने अडवलेले बरेचसे पाणी बोगद्याने सह्याद्रीच्या आरपार पश्चिमेला आणले आहे. सुमारे पावणेपाचशे मीटर खाली कोसळताना ते वीज निर्माण करते. त्या विजेवर गिरण्या आणि कारखाने चालतात, शहरे उजळतात. (पुढे कोळकेवाडीला धरण बांधून त्याच पाण्यापासून पुन्हा एकदा वीज काढू लागले.) मामा हे सारे अभिमानाने सांगत होते, आणि तो अभिमान योग्यच होता. धरणासाठी त्यांनी दगड वाहिले होते.

वडील काठावर उभे होते. पाणी हिरवेगार होते आणि प्रचंड वेगाने धावत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "इथून पुढं कुठं जातं?"

"वाशिष्ठीला मिळतं. चिपळुणावरून खाली दाभोळच्या खाडीत, समुद्राला."

वडिलांनी मान हलवली. त्यांनी डोक्यावरचा पटका काढला, तो पाण्यात भिजवला, पिळला आणि पुन्हा बांधला. मग ते बहिणीजवळ उकिडवे बसले आणि त्यांनी तिला सरळ सांगून टाकले.

ती रडली नाही. तिने पाण्याकडे बोट दाखवले आणि विचारले, "हे आपल्याकडं का नाही नेत?"

"आपलं गाव उंचावर आहे. खाली आलेलं पाणी आपण होऊन वर चढत नाही, बाळ."

"मग आपल्याकडं पाऊस पडला, की मला न्याल?"

"त्याच आठवड्यात."

ती माझ्याकडे वळली. "दादा, शेळीला रोज पाणी दाखवशील?" मी होय म्हणालो.

परतताना मोटारीत कौले होती आणि त्यांच्यावर आत्याने गोळा करून दिलेले भाताच्या पेंढ्याचे भारे. वडिलांनी मला पुढे बसायला सांगितले. हौद्यात ते एकटेच बसले.

गावी पोचल्यावर पंधरा दिवसांतच शेळी बाजारी विकावी लागली. गाभण असल्यामुळे किंमत बरी आली. त्या पैशांचे धान्य आले. बहिणीची पोस्टकार्डे येत. वडिलांना अक्षरओळख बेताची, त्यामुळे ती मीच मोठ्याने वाचून दाखवी. प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच प्रश्न असे: शेळी पाणी पिते का? वडील उठून बाहेर जात. मी उत्तरात लिहीत असे, "पिते."

त्या वर्षी पाऊस आला. श्रावणात वडील तिला आणायला गेले. भुरभुर चालू असूनही ती हट्टाने हौद्यातच बसून आली. अंग भिजलेले, चेहरा भरलेला. तिने आजीला मिठी मारली आणि तडक गोठ्यात गेली. मी मागोमाग गेलो. छावणीतून परतलेले बैल रवंथ करीत होते. कोपऱ्यातला शेळीचा खुंटा मोकळा होता.

मी बोलायला तोंड उघडले. ती म्हणाली, "मला ठाऊक होतं, दादा. ती ज्येष्ठात व्यायची होती. तू एकाही पत्रात करडांचं लिहिलं नाहीस."

"मग विचारत का होतीस?"

"विचारायचं थांबले असते, तर मला कळलंय हे आबांना कळलं असतं," ती म्हणाली. "पत्रं तूच वाचून दाखवायचास ना?"

तिने पिशवीतून काथ्याचे एक दावे काढले. आत्याच्या शेजारणीकडून शिकून तिने ते स्वतः वळले होते. एका टोकाला लहानसा फासही होता. तिने ते खुंट्याला नीट गाठ मारून बांधले आणि हात पुसत ती आजीकडे गेली.